बिनसाच्याचं घर

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात एक गवंडी राहत होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. वय पंच्याहत्तरीच्या पुढं गेलं होतं, थापी खाली ठेवूनही बरीच वर्षं झाली होती. पण नवी भिंत दिसली की तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय त्यांना पुढं जाववत नसे. त्यांची नात सिव्हिल इंजिनिअर झाली आणि पुण्यात एका कंपनीत कामाला लागली. ही कंपनी थ्रीडी प्रिंटरनं घरं बांधत असे.

नात घरी आली की आबा विचारायचे, "मशीन भिंत बांधती म्हंजे नेमकं काय करती गं?"

"आबा, रुळांवर सरकणारी एक मोठी लोखंडी चौकट असते. तिला तोटी असते. पंपानं माल नळीतून तोटीत येतो. संगणकात आखलेल्या रेषेवरून तोटी फिरते आणि मालाची जाड वळी पडत जाते. एक फेरी झाली की तोटी बोटभर वर चढते, मग पहिल्या थरावर दुसरा. विटा नाहीत, सेंट्रिंगच्या प्लेटा नाहीत."

आबांना यात परकं काही वाटलं नाही. त्यांनी माळवदाच्या तुळईखाली बोट दाखवलं. तिथं कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. ओल्या मातीची एकेक गोळी आणून तिनं ते थराथरानं चढवलं होतं. नात हसून म्हणाली, "आबा, इटलीतल्या एका कंपनीनं हीच माशी डोळ्यांपुढं ठेवलीय. तिचं नावच वास्प. त्यांनी २०१८ मध्ये शेतातली माती, भाताचा पेंढा आणि तूस कालवून मशीननं भिंती उभ्या केल्या."

"मग ही इद्या जुनीच की," आबा म्हणाले. "हात तेवढा नवा."

त्या वर्षी नातीला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर ऊसतोड कामगारांच्या बारा कुटुंबांना एक संस्था घरं बांधून देणार होती. प्रत्येकी ३५० चौरस फूट: एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास. आराखडा डिसेंबरातच ठरला होता. बारा घरं, एकाच नकाशाची. एप्रिलमध्ये मशीन वस्तीवर पोचलं आणि नातीनं आबांनाही बोलावून घेतलं.

पहिल्या घराच्या भिंती उठू लागल्या तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली. पोरं तोटीच्या मागोमाग नजर फिरवत होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, ही भिंत पावसात टिकंल का?" नातीनं सांगितलं, की मद्रासच्या आयआयटीच्या आवारात २०२१ मध्ये असंच ६०० चौरस फुटांचं घर उभं राहिलं आणि बंगळुरूत २०२३ मध्ये १,०२१ चौरस फुटांचं अख्खं पोस्ट ऑफिस असं छापून बांधलं, त्याला दीड महिनासुद्धा लागला नाही. लोकांनी माना डोलावल्या.

आबांनी खिशातून ओळंबा काढला आणि भिंतीला लावून बघितला. भिंत सरळ होती. आत पोकळी ठेवून दोन पापुद्रे आणि त्यांना जोडणारी नागमोडी रेघ, अशी तिची रचना होती. कोपऱ्यांतल्या आणि दारांच्या बाजूच्या पोकळ्यांत उभी सळई घालून काँक्रीट भरायचं होतं, लिंटेलच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग पट्टा फिरवायचा होता. आबांनी ते सगळं नीट विचारून घेतलं आणि मग म्हणाले, "काम पक्कं हाय. पण बाई, ह्ये घर कुणाला इचारून आखलंस?"

नात गोंधळली. "आबा, इथं विचारायचं काय? घर पक्कं आहे, फुकट आहे. बारा घरं एकसारखी असली की काम झपाट्यानं होतं."

आबा त्यावर लगेच काही बोलले नाहीत. संध्याकाळी काम थांबल्यावर त्यांनी नातीला जवळ बसवलं आणि ज्या गोष्टीविषयी ते घरात क्वचितच बोलत ती काढली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपानं जेवढी मारली त्याहून जास्त भिंतींनी मारली. दोन-अडीच फुटी दगडी भिंती, बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मधे गोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड घातलेलाच नसे. वर माळवदावर दरवर्षी चढत गेलेला पांढऱ्या मातीचा भार. भिंत फुगून फुटली आणि माळवद झोपलेल्यांवर आलं.

"त्यातल्या कैक भिंती माझ्या हातच्या होत्या," आबा म्हणाले. "त्या दिसापासून मी पट्ट्याशिवाय घर बांधलं न्हाई. कुणी पैशे वाचवायला पट्टा नको म्हणलं, तर त्याचं काम सोडलं."

"हो आबा. म्हणून तर आपण..."

"थांब, पुढलं ऐक. मंग सरकारनं बावन्न गावं नव्या जागी वसवली. मी बी तिथं ठेकेदाराकडं कामाला हुतो. घरं मजबूत बांधली, त्यात शंका न्हाई. रुंद रस्ते, शहरातल्या कॉलनीवानी रांगा. पण शेतकऱ्याचं घर म्हंजे बैल, कडबा, अवजारं, वाड्यातलं अंगण. ते कुठं ठिवायचं, ह्ये कुणी इचारलंच न्हवतं. वरीसभरात मी डोळ्यानं बघितलं, मजबूत घरात कडबा आणि माणसं पत्र्याच्या छपरात. दुसऱ्या गावांत तऱ्हा येगळी हुती. जिथं गाव हलवायचं न्हवतं, तिथं सरकारनं पैशे घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्यानं टाकले, इंजिनिअर सल्ला द्यायचा, पट्टा आणि सळई बघून घ्यायचा आणि घर कसं करायचं ते मालक ठरवायचा. तिथं बाया माझ्या मागं उभ्या राहून सांगायच्या, मिस्त्री, चूल हितं, देवळी हितं. ती घरं आजबी भरलेली हायेत."

नात बराच वेळ गप्प होती. तिला कॉलेजात शिकलेली एक गोष्ट आठवली. तिनं ती आबांना सांगितली.

अमेरिकेतला थॉमस एडिसन. विजेच्या दिव्याचा, फोनोग्राफचा. त्याचा सिमेंटचा कारखानाही होता. १९०६ च्या सुमाराला त्यानं जाहीर केलं, की गरिबांसाठी तो एका ओतात अख्खं काँक्रीटचं घर उभं करेल. लोखंडी साचा जुळवायचा, वरून काँक्रीट सोडायचं आणि भिंती, जिना, न्हाणीतला टबसुद्धा काही तासांत ओतून मोकळं व्हायचं. चार-सहा दिवसांनी साचा सोडवायचा आणि पुढच्या घराला लावायचा. १९१७ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या युनियन गावात अशी अकरा घरं झाली. घरं भक्कम होती. पण कल्पना पुढं सरकली नाही.

"का?" आबांनी विचारलं.

"साचा फार महाग, आबा. दोन हजारांहून जास्त तुकडे होते त्याचे. तो खर्च भरून निघायचा तर तेच घर शेकडो वेळा ओतायला हवं. सगळ्यांना एकच घर. आणि झोपडपट्टीवाल्यांसाठी काढलेलं घर, असा शिक्का बसल्यावर ते घ्यायला कोण पुढं येणार?"

"बरं. आणि तुझ्या मशीनचा साचा किती तुकड्यांचा?"

"आमच्या मशीनला साचा नसतोच. तीच तर तिची सगळ्यात मोठी..."

नात थांबली. आबा शांतपणे म्हणाले, "एडिसनची अडचण हुती. घर बदलायचं तर त्याला लोखंड बदलावं लागलं असतं. तुला काय अडचण हाय? बारा घरं एकसारखी कामून?"

त्या रात्री नात हिशेब करत बसली. सरळ भिंतीऐवजी वळणाची भिंत छापायला तोटीला जास्त पैसे पडत नाहीत. दार उजवीकडून डावीकडं न्यायचं तर संगणकातली रेघ बदलायची, बस्स. पायाचं काम एकाच घराचं झालं होतं. अकरा घरांची जमीन अजून मोकळी होती. बारा घरांचा एकच नकाशा मशीननं मागितला नव्हता. तो कार्यालयात बसून, माणसं बघायच्या आधी ठरला होता. आणि डिसेंबरात ठरला होता म्हणजे माणसं बघणं शक्यही नव्हतं, कारण त्या दिवसांत अख्खी वस्ती कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर होती. मागं होती फक्त म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

दुसऱ्या दिवशी तिनं देवळात सभा घेतली. "तुम्हाला घर कसं हवंय?" असं मोकळेपणानं विचारलं. पुरुष म्हणाले, "तुमी द्याल ते चांगलंच असंल." बाया पदर सावरून मागं बसून राहिल्या. तासाभरात सभा संपली आणि नातीच्या वहीत एक ओळसुद्धा आली नाही.

"फुकट मिळणाऱ्या वस्तूत कुणी खोट काढत न्हाई," आबा म्हणाले. "आणि कागदावरच्या रेघा तुला कळत्यात, त्यांना न्हाई. फक्की घे."

मग त्यांनी मोकळ्या जागेत फक्कीनं पहिल्या घराचा नकाशा खऱ्या मापानं जमिनीवर मारला. भिंती, दारं, खिडक्या, सगळं. एकेका कुटुंबाला बोलावलं आणि सांगितलं, "ह्यात राहून बघा." लोक आत शिरले. एक बाई स्वयंपाकघरात उकिडवी बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "इथं चूल पेटवली तर धूर जाणार कुठं? चूल बाहेर वळचणीला पायजे." दुसरीनं पायानंच फक्की पुसली आणि दार अंगणाकडं वळवलं. आता त्यांना बोलायला कुणी सांगावं लागलं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट एका म्हातारीनं सांगितली. तिचा मुलगा आणि सून जोडीनं जात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतली, की दिवाळीच्या मागंपुढं जायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं. जाताना वर्षाचं धान्य, भांडी, कागदपत्रं कुठंतरी कुलपात ठेवावी लागत. नातवंडं तिच्याजवळ राहत. "एकाच खोलीचं घर दिलं," ती म्हणाली, "तर कुलूप घालू का त्यात राहू?"

बारा घरांतल्या बहुतेकांचा हाच प्रश्न होता. वर्षातले पाच-सहा महिने घर अर्धं मिटायला हवं आणि अर्धं उघडं राहायला हवं. म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या भागाला स्वतःचं दार हवं, न्हाणी-संडास त्याच बाजूला हवेत. नातीच्या नकाशात हे कुठंच नव्हतं. पुण्यात बसून हे सुचण्यासारखंही नव्हतं.

प्रत्येकाची गरज थोडी निराळी निघाली. बैलगाडीवाल्यांना जनावरांसाठी आडोसा करणारी लांब भिंत हवी होती. शिलाई मशीन चालवणाऱ्या एका विधवेला उत्तरेची मोठी खिडकी हवी होती. एका घरात चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा होता. त्याला रुंद दार आणि पायरीऐवजी उतार हवा होता.

सगळंच मान्य झालं असं मात्र नाही. एकानं कोपऱ्याला लागूनच दुकानाचं मोठं शटर मागितलं. नात म्हणाली, "काका, खिडकी हवी तिथं देते, पण कोपरा तोडणार नाही. भूकंपात पहिला ताण तिथंच येतो." तो हट्टाला पेटला, तेव्हा आबांनी त्याला बाजूला नेलं आणि किल्लारीची ती पहाट सांगितली. तो परत आला तो शटर सोडून. आबा नातीला म्हणाले, "इचारायचं म्हंजे हुकूम घ्यायचा न्हवं. सळई, पट्टा, कोपरा ह्ये आपलं काम. त्यात कुणाचं ऐकू नको. बाकी घर त्यांचं."

वरिष्ठ साहेब पुण्याहून आले आणि नवे नकाशे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वेळ जाईल. खर्च वाढेल. संस्थेनं एक नकाशा मंजूर केलाय, बारा नाही."

नातीनं हिशेब पुढं ठेवला. प्रत्येक घराचं क्षेत्रफळ तेच होतं. भिंतींची एकूण लांबीही तीच ठेवली होती, म्हणजे माल तेवढाच लागणार होता. बहुतेक घरांना एक दार आणि चौकट वाढत होती. तो खर्च तिनं लपवला नाही, वेगळा लिहिला. सळईचं आणि पट्ट्याचं गणित तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतलं होतं. मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यात, नाकाहूकाजवळ २०१९ मध्ये गरीब कुटुंबांसाठी घरं छापली, तेव्हाही आराखडा करण्याआधी त्या कुटुंबांशी बोलणं झालं होतं, हेही तिनं सांगितलं. "साहेब, या मशीनवर आपण एवढे पैसे घातलेत. सरळ, एकसारख्या भिंतीच छापायच्या असत्या तर ठोकळ्यांनीही काम भागलं असतं."

साहेब भला माणूस होता. तो नकाशा बाजूला ठेवून फक्कीच्या रेषांत जाऊन उभा राहिला, त्या म्हातारीचं बोलणं त्यानं पुरतं ऐकलं आणि मग संस्थेच्या लोकांना फोन लावला.

छपाई पुन्हा सुरू झाली. मे महिन्याचं ऊन होतं. दुपारी आबांनी एका ताज्या थराला हात लावला आणि काम थांबवायला सांगितलं. वरचा थर पडेपर्यंत खालचा वाळत होता, दोन थर एकजीव होत नव्हते. शिवाय या मालात खडी नाही, सिमेंट जास्त, आणि बाजूला साच्याचा आडोसा नाही. म्हणजे पाणी उडून तडे जाण्याची भीती अधिक. त्या दिवसापासून छपाई रात्री आणि पहाटे होऊ लागली. वर हिरवी जाळी बांधली, भिंतींना ओली गोणपाटं गुंडाळली आणि पाणी मारायचं काम वस्तीतल्या बायकांनी मजुरीवर अंगावर घेतलं. पाया, छप्पर, दारं, वायरिंग, संडासाचे खड्डे ही कामं माणसांच्याच हातांनी व्हायची होती. तिथं गवंडी आणि सुतार वस्तीजवळचेच घेतले.

दसऱ्यापर्यंत बाराही घरं उभी राहिली. पहिलं घर, जे एकटंच कार्यालयातल्या नकाशाप्रमाणं झालं होतं, तेही जेवढं बदलता आलं तेवढं बदलून घेतलं. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा कुटुंबांनी आपापल्या कोठीच्या खोलीला कुलूप घातलं, आणि म्हातारी माणसं पोरांना घेऊन त्याच घरात, आपल्या दारानं ये-जा करत राहिली. त्या वर्षी पोरांना शाळा सोडून फडावर न्यावं लागलं नाही, असं चार घरांतल्या लोकांनी नातीला आवर्जून कळवलं.

पुढं कंपनीला दुसऱ्या ठिकाणी चाळीस घरांचं काम मिळालं. बैठकीत कुणीतरी विचारलं, भिंती किती दिवसांत होतील. साहेबांनी उत्तर द्यायच्या आधी नातीकडं बघितलं आणि म्हणाले, "ते सांगू. पण आधी ही मुलगी तिथं फक्की घेऊन जाऊन येईल. आणि ती माणसं घरी असतील त्याच महिन्यात जाईल."

तात्पर्य असं, की नवं यंत्र आलं की आपण पहिल्यांदा त्याचा वेग मोजतो. किती तासांत भिंत, किती दिवसांत घर, किती मजूर वाचले. हे मोजायलाच हवं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्यासाठी वाचलेला प्रत्येक दिवस मोलाचा असतो. पण थ्रीडी प्रिंटरनं माणसाला वेगाहून मोठी एक गोष्ट दिली आहे. एकेका घराला वेगळं रूप देणं आजवर ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच परवडत होतं. गरिबाच्या वाट्याला रांगेतलं, दुसऱ्यानं ठरवलेलं घर येई, आणि त्याचं कारण साच्याच्या खर्चात सांगता येई. आता ते कारण उरलं नाही. यापुढं गरिबाला त्याला न विचारता घर दिलं, तर तो दोष यंत्राचा नसेल, देणाऱ्याचा असेल. ज्याला घरात राहायचं आहे त्याला आधी विचारावं, त्याला बोलता येईल अशा रीतीनं विचारावं, जीव वाचवणाऱ्या नियमांत तडजोड करू नये, आणि मग यंत्र खुशाल चालवावं.